आठ ठोकळ्यांची पेटी: ख्रिस्ती होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांसाठी

आमचा पाच वर्षांचा मुलगा घरीच शिकतो. किंडरगार्टनचे जनक फ्रोबेल यांनी मुलांसाठी क्रमाने तयार केलेल्या खेळसाहित्याला ‘भेटी’ म्हणतात; त्यांतल्या ‘तिसऱ्या भेटी’चा त्याच्यासाठी घेतलेला लाकडी संच आम्ही गेले सात महिने जवळजवळ रोज वापरत आहोत. सरकत्या झाकणाची छोटी पेटी आणि तिच्यात एकेक इंचाचे आठ घन, जे नीट रचले की दोन इंचांचा एक मोठा घन तयार होतो, एवढाच हा संच आहे. सोबत पालकांसाठी एक मार्गदर्शिका मिळते आणि तिच्यात रोजचा खेळ व त्याला जोडलेले पवित्र शास्त्रातील वचन नेमून दिलेले आहे. पेटीबद्दल मी मनापासून समाधानी आहे; मार्गदर्शिकेबद्दल तसे म्हणता येत नाही.

फ्रिडरिक फ्रोबेल (1782–1852) हे जर्मनीतील एका ल्यूथरन पाळकांचे चिरंजीव. 1837 मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. सारी सृष्टी एका देवापासून आहे आणि तिच्यातील ऐक्य बालकाला खेळता खेळता हाताने अनुभवता येते, ही त्यांची श्रद्धा होती. अखंड घनाचे भाग व्हावेत आणि ते पुन्हा एक व्हावेत, ही रचना त्या श्रद्धेतूनच आलेली आहे. अशा माणसाच्या बालोद्यानांवर प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या सरकारने 1851 मध्ये नास्तिकतेचा ठपका ठेवून बंदी घातली व ती 1860 पर्यंत उठली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

पेटी उघडण्याची रीतच मुलाला बांधून ठेवते. ती मेजावर उपडी ठेवायची, झाकण हळूच ओढून घ्यायचे आणि पेटी सरळ वर उचलायची, की अखंड घन समोर उभा राहतो. आमचा मुलगा हे श्वास रोखून करतो. आठही ठोकळे वापरायचे आणि नवी रचना जुनी उधळून न करता तिच्यातच बदल करत करायची, असा जुना संकेत आहे. त्यामुळे ‘अर्ध्याचं अर्धं म्हणजे दोन’ हे त्याला मी न शिकवताच उमगले. पवित्र शास्त्रातील यरीहो नगराच्या कोसळलेल्या भिंतीची गोष्ट खेळायच्या दिवशी मात्र आम्ही हा संकेत आनंदाने मोडतो, कारण ती भिंत कोसळायलाच हवी.

मार्गदर्शिकेची अडचण मला हरवलेल्या मेंढराच्या पाठाच्या वेळी कळली; येशूच्या या दृष्टांतात मेंढपाळ बाकीची मेंढरे सोडून हरवलेल्या एकाला शोधायला जातो. सात ठोकळ्यांचे कुंपण करायचे, आठवा आईने लपवायचा, मुलाने तो शोधायचा आणि लगेच वचन म्हणून दाखवायचे, अशी सूचना होती. मी ती तंतोतंत पाळली. त्याने वचन म्हटले आणि तो उठून गेला. तीन आठवड्यांनी, मी स्वयंपाकात असताना, त्याने आपण होऊन एक ठोकळा पलंगाखाली सरकवला आणि तिथेच पालथा पडून मेंढराच्या आवाजात बोलू लागला, ‘अंधार आहे, पण मला हाक ऐकू येतेय.’ नंतर तो ठोकळा खांद्यावर धरून घरभर फिरला. लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातला मेंढपाळ मेंढरू खांद्यावर घेतो, ते त्याने वाचनाच्या वेळी ऐकले होते. रात्री पेटी भरताना त्याने विचारले, ‘आई, तो एकाला शोधत होता, तेव्हा बाकीच्यांजवळ कोण होतं?’ या दृष्टांतातला हा खरा प्रश्न आहे आणि मार्गदर्शिकेच्या एकाही पानावर तो नाही. खेळाला वचनाचे आमिष बनवले की मूल दोन्हींपासून दूर जाते, असे माझे ठाम मत झाले आहे.

किरकोळ उणिवाही सांगायला हव्यात. आमच्या संचातील एक घन किंचित मोठा निघाला. दमट हवेत झाकण अडकत असे, म्हणून तो पॉलिश पेपरने घासावा लागला. दोन मुले असतील तर दोन पेट्या घ्याव्यात, कारण एका पेटीतले ठोकळे वाटून घेतले की अखंड घन कोणाचाच होत नाही. वाचन-लेखनाचा अभ्यासक्रम म्हणून हा संच घेऊ नये. चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी मात्र तो अवश्य घ्यावा, सकाळची उपासना झाल्यावर अर्धा तास मेजावर ठेवावा आणि आपण जवळच काहीतरी काम करत बसावे. मार्गदर्शिकेतली शेवटची वचनांची सूची तेवढी मी वापरते, तीही मुलाने आधी काय बांधले आहे ते पाहून.