लेक प्लॅसिड की स्टो? दोघांच्या बर्फाळ रोड ट्रिपचा मुक्काम ठरवताना

न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्क परिसरात राहणारं जोडपं शनिवार-रविवारला एखादी सुट्टी जोडून बर्फात जायचं ठरवतं, तेव्हा शेवटी बहुधा दोन नावं उरतात: न्यूयॉर्क राज्यातलं लेक प्लॅसिड आणि व्हरमाँटमधलं स्टो. न्यू जर्सीतल्या एडिसनहून लेक प्लॅसिड साधारण ३०० मैल आणि स्टो त्याहून तीसेक मैल लांब. रस्ता कोरडा असेल तर पाच-सहा तास लागतात. अंतरात फारसा फरक नाही, म्हणून लोक डोंगराची उंची आणि लिफ्टची संख्या बघत बसतात. त्याआधी एकमेकांना एक प्रश्न विचारा: दोघांपैकी एकाला स्कीइंग येत नसेल किंवा करायचंच नसेल, तर त्या माणसाचा दिवस कसा जाणार? मुक्काम कुठे करायचा हे बरंचसं या उत्तरावर ठरतं.

स्की न करणाऱ्यासाठी

इथे लेक प्लॅसिड सरळ पुढे आहे. १९३२ आणि १९८० असे दोन हिवाळी ऑलिम्पिक या छोट्या गावात झाले आणि त्या जागा आजही वापरात आहेत. मेन स्ट्रीटवर हायस्कूलसमोर ४०० मीटरचं उघड्यावरचं स्पीड स्केटिंग ओव्हल (बर्फाची लंबगोल धावपट्टी) आहे. अमेरिकेच्या एरिक हायडनने १९८० मध्ये स्पीड स्केटिंगची पाचही सुवर्णपदकं इथेच जिंकली. संध्याकाळी ते सर्वांसाठी खुलं असतं, स्केट्स भाड्याने मिळतात. शेजारच्याच इमारतीतल्या रिंकवर अमेरिकेच्या हॉकी संघाने २२ फेब्रुवारी १९८० रोजी सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं.

पहिल्यांदा स्केट्स घालणार असाल, तर नेहमीच्या बुटापेक्षा एक नंबर लहान मागून बघा. मोजा एकच आणि पातळ घाला. दोन जाड मोजे घातले की पाय आत हलतो, घोटा आतल्या बाजूला कलतो आणि दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. नाडी बोटांकडे सैल आणि घोट्याभोवती घट्ट बांधायची, वरच्या दोन हुकांपाशी एक बोट कसंबसं शिरेल इतकी. गुडघे वाकलेले ठेवा. ताठ उभं राहिलं की माणूस मागे पडतो, आणि मागे पडणं जास्त धोक्याचं. ओव्हल उघड्यावर असल्यामुळे वारा थेट लागतो. कान झाकणारी टोपी हवीच.

मिरर लेकच्या काठावर जुन्या स्की-जंपच्या सांगाड्यावरून बनवलेली टोबॉगनची (बर्फावरून घसरणाऱ्या लांब सपाट ढकलगाडीची) घसरण आहे. लाकडी टोबॉगन तिच्यावरून सुटते आणि गोठलेल्या तलावावर लांबवर घसरत जाते. तलावाचा बर्फ पुरेसा जाड झाल्याशिवाय ती उघडत नाही. त्यामुळे डिसेंबरात तिच्या भरवशावर जाऊ नका, जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ बरा. तलावावर ताजा भुसभुशीत बर्फ साचला असेल तर टोबॉगन लवकर थांबते, कडक थंडीच्या कोरड्या संध्याकाळी सर्वांत लांब जाते. कोपर आत घ्या, हात बाजूला सोडू नका. तलावावर चालायचं तर गावाने आखलेल्या भागातच, कारण पाणी आत येतं आणि बाहेर पडतं त्या टोकांना बर्फ पातळ असतो.

गावापासून सातेक मैलांवर माउंट व्हॅन होव्हनबर्गला बॉबस्लेडमधून (बर्फाच्या वळणदार घळीतून वेगाने घसरणाऱ्या गाडीतून) जाता येतं. पुढे व्यावसायिक चालक, मागे ब्रेक सांभाळणारा आणि मध्ये पाहुणे. पाठ, मान किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा गरोदरपण असेल, तर हा नाद सोडा. वळणावर अंगावर येणारा दाब खरोखरच मोठा असतो. बुकिंग आधी करा आणि त्या आठवड्यात तिथे शर्यत नाही ना, हेही बघा.

स्टोमध्ये स्की न करणाऱ्यासाठी दिवस शांत आहे. ट्रॅप फॅमिली लॉजच्या आवारात क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या (डोंगर न उतरता सपाटीवरून चालत करायच्या) वाटा आहेत. १९६८ साली सुरू झालेलं हे केंद्र अमेरिकेतलं या प्रकारचं पहिलं व्यावसायिक केंद्र मानतात. वॉटरबरीत बेन अँड जेरीजचा कारखाना, रूट १०० वर सायडर मिल आणि तिथले गरम डोनट, गावात स्कीचं छोटं संग्रहालय. एक दिवस छान जातो, दुसऱ्या दिवशी मात्र ओढूनताणून कार्यक्रम शोधावा लागतो. निवांत खोली, चांगलं जेवण आणि पुस्तक एवढंच हवं असेल, तर ही तक्रार उरत नाही. त्या बाबतीत स्टोच सरस.

दोघंही स्की करत असाल तर

मग पारडं स्टोकडे झुकतं. व्हरमाँटचं सर्वांत उंच शिखर माउंट मॅन्सफिल्ड (४,३९५ फूट) इथे आहे आणि बर्फ लेक प्लॅसिडजवळच्या व्हाइटफेस या स्की-डोंगरापेक्षा बराच जास्त पडतो. नवशिक्यांसाठी समोरचा स्प्रूस पीक वेगळा आहे, दोन्ही बाजू छोट्या गोंडोलाने जोडलेल्या आहेत. रिसॉर्ट २०१७ पासून व्हेल या स्की रिसॉर्ट कंपनीकडे आहे, त्यामुळे त्यांचा एपिक हा हंगामी पास असेल तर हिशेब लगेच बदलतो. पास नसेल तर ऐन शनिवारी खिडकीवर तिकीट घेणं म्हणजे खिशाला मोठी चाट, काही दिवस आधी ऑनलाइन घ्या. गर्दीच्या दिवशी डोंगरापाशी पार्किंगचेही पैसे पडतात. सवलत गाडी भरून येणाऱ्यांना असते, दोघांच्या गाडीला नाही. गावातून मोफत शटल बस जाते. शनिवारी सकाळी माउंटन रोडवर गाड्यांची रांग लागते, तेव्हा आठच्या आत निघा.

व्हाइटफेस लेक प्लॅसिडपासून नऊ-दहा मैलांवर विल्मिंग्टनला आहे. वरपासून खालपर्यंतची उभी उतरण ३,४३० फुटांची, पूर्वेकडच्या राज्यांत सर्वांत मोठी. पण वारा प्रचंड आणि पृष्ठभाग अनेकदा टणक. जानेवारीत मध्येच पाऊस पडून पुन्हा गोठलं की उतार काचेसारखे होतात. स्कीच्या लोखंडी कडा धार लावलेल्या नसतील तर स्की पकडच घेत नाहीत, म्हणून भाड्याने घेताना कडांबद्दल विचारा. अगदी नवख्यांसाठी बेअर डेन हा भाग मुख्य डोंगरापासून बाजूला आहे. वरून वेगात येणारे अंगावर येत नाहीत, ही मोठी सोय.

रस्ता

इथे स्टो सोपं. आय-९१ महामार्ग, मग आय-८९, त्याचा एक्झिट १० आणि शेवटचे दहाएक मैल रूट १००. पण मॅपवर स्मगलर्स नॉचमधून जाणारा रूट १०८ दिसला तर त्याच्या नादी लागू नका, खिंडीतला तो भाग हिवाळाभर बंद असतो.

लेक प्लॅसिडला आय-८७ च्या एक्झिट ३० नंतर जवळपास तीस मैल रूट ७३ आहे. वळणाचा, चढाचा, आणि कॅस्केड लेक्सपाशी एका बाजूला कडा तर दुसऱ्या बाजूला पाणी. तिथे सावलीत काळा बर्फ (रस्त्यावरचा न दिसणारा पातळ थर) टिकतो आणि फोनला रेंज जाते. हा टप्पा उजेडात पार करा, म्हणजे घरून सकाळी नऊपर्यंत निघा. लेक जॉर्जच्या आसपास टाकी भरून घ्या, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना जोर) गाडी पुढे ओढते, थांबवत नाही. थांबवतात टायर. ७ अंश सेल्सियसखाली ऑल-सीझन टायरचं रबर कडक होत जातं. टायरवर तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह असेल तर तो बर्फासाठी तपासलेला, नुसतं ‘एम+एस’ पुरेसं नाही. भाड्याच्या गाडीत हे आधी विचारा. तापमान दर १० अंश फॅरनहाइट उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआय (दाबाचं माप) कमी होतो, गाडीतला टायरचा दिवा लागला तर घाबरू नका, हवा भरून घ्या. काच धुण्याचं निळं पाणी उणे २० फॅरनहाइटचं भरा. उन्हाळ्यातलं राहिलं असेल तर नळीतच गोठतं, आणि मिठाचा चिखल काचेवर बसल्यावर दिसेनासं होतं.

मुक्काम आणि खाणं

लेक प्लॅसिडमध्ये खोली मेन स्ट्रीट किंवा मिरर लेकच्या काठी घ्या. गाव याच तलावाभोवती आहे. लेक प्लॅसिड नावाचा तलाव उत्तरेला, थोडा दूर. नुसतं ‘लेक व्ह्यू’ बघून बुक केलं तर संध्याकाळी पायी गावात येता येत नाही. मुलांच्या हॉकी स्पर्धा असलेल्या आठवड्यात हॉटेलं पोरांनी भरलेली असतात, बुक करताना विचारून घ्या. स्टोमध्ये माउंटन रोडवर शटलच्या थांब्याजवळची खोली सोयीची. फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीचा आठवडा दोन्हीकडे महाग आणि गच्च भरलेला.

शाकाहारी असाल तर दोन्हीकडे पिझ्झा, पास्ता, सूप यांवर भागतं, तिसऱ्या जेवणाला कंटाळा येतो. छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर मुगाची खिचडी आणि मेतकूट उणे पंधरा अंशांत फार आधार देतात.

दोन रात्री असतील आणि एकाला स्की येत नसेल, तर लेक प्लॅसिड. दोघंही स्की करत असाल किंवा नुसता आराम हवा असेल, तर स्टो. चार रात्री मिळाल्या तर दोन्ही जमतं. मधल्या लेक शॅम्प्लेनवर प्लॅट्सबर्ग ते ग्रँड आइल ही गाड्या नेणारी फेरी बोट बाराही महिने, रात्रीसुद्धा चालते आणि पंधरा मिनिटांच्या आत पलीकडे पोचवते. पोर्ट केंट-बर्लिंग्टनच्या फेरीवर मात्र विसंबू नका. आधी लेक प्लॅसिड, मग स्टो, असा क्रम ठेवा. रूट ७३ जाताना एकदाच लागतो आणि परतीचा प्रवास आय-८९ वरून सुरू होतो.