शिरोलीतील मशीन शॉपसाठी घेतलेले ‘फाइव्ह एस’ प्रशिक्षण : एक अभिप्राय

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील आमच्या मशीन शॉपसाठी (यंत्रांवर धातूचे भाग घडवण्याच्या विभागासाठी) आम्ही एका स्थानिक सल्लागाराकडून ‘फाइव्ह एस’चे प्रशिक्षण घेतले. निवड, मांडणी, स्वच्छता, प्रमाणीकरण आणि शिस्त या पाच पायऱ्यांची ही जपानी पद्धत आपल्याकडे बहुतेकांना ऐकून माहीत असते. परंतु प्रशिक्षकांनी व्याख्यानात वेळ न दवडता थेट लेथ यंत्राजवळ उभे राहून कामाला सुरुवात केली, हे मला फार मोलाचे वाटले.

नको असलेल्या वस्तूंना लाल चिठ्ठ्या लागल्या आणि भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची, ॲलन कीची बाह्याकृती रंगवली गेली, त्यामुळे कोणते हत्यार जागेवर नाही हे पाळी सुटताना एका नजरेत कळते आणि पुढच्या पाळीच्या कारागिराला यंत्राच्या सेटिंगच्या वेळी शोधाशोध करावी लागत नाही. नवी सवय रोजच्या ठरलेल्या कामाला जोडण्याचा त्यांचा आग्रहही योग्यच होता : यंत्र बंद केले की धातूचा कीस झाडायचा, मोजमापाचा व्हर्निअर पुसून पेटीत ठेवायचा आणि मगच नोंदवहीत सही करायची.

तपासणीचे तक्ते मात्र इंग्रजीत आणि अकारण लांबलचक होते. ते आमच्या ज्येष्ठ कारागिरांनीच मराठीत आटोपशीर करून घेतले, आणि खरे तर त्यानंतरच ते नियमित भरले जाऊ लागले. शुल्क वाजवी आहे. तथापि शिस्तीची पाचवी पायरी घाईत उरकली जाते, म्हणून पाठपुराव्याच्या भेटी करारातच लिहून घ्याव्यात आणि त्यांपैकी एखादी रात्रपाळीत ठेवावी.