क्लोन सागा: ११ पुस्तकं, दोन पीटर आणि डोक्याला ताप

‘क्लोन सागा’ म्हणजे स्पायडरमॅन कॉमिक्समधली एक लांबलचक स्टोरी. तिची आधी ‘कम्प्लीट क्लोन सागा एपिक’ची ५ आणि मग ‘कम्प्लीट बेन रायली एपिक’ची ६, अशी एकूण ११ जाडजूड पुस्तकं. स्पायडरमॅनच्या कुठल्याही जुन्या फॅनला विचारा की नव्वदच्या दशकातली सगळ्यात बेकार स्टोरी कुठली, बहुतेक जण डोळे झाकून हीच सांगतील आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ती वाचलेलीच नसेल. म्हटलं शिव्या घालायच्याच तर वाचून घालू. वाचली डिजिटलवर, कारण हे पेपरबॅक आता सहज मिळत नाहीत आणि मिळाले तरी ठेवणार कुठे. शिव्या पण घातल्या, फक्त बाकीचे घालतात त्या जागी नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: १९७५ मध्ये जॅकल नावाच्या व्हिलनने, म्हणजे पीटरच्याच (पीटर पार्कर, स्पायडरमॅनचं खरं नाव) कॉलेजच्या प्रोफेसर वॉरनने, पीटरचा क्लोन बनवला, तो मेला, पीटरने बॉडी धुराड्यात टाकली, विषय संपला. १९९४ मध्ये मार्व्हलने, म्हणजे स्पायडरमॅन छापणाऱ्या कंपनीने, ठरवलं की तो मेलाच नव्हता. बिचारा गावोगाव भटकून परत येतो, नाव बेन रायली. पीटरला वाढवणाऱ्या अंकल बेनचं नाव आणि आंट मेचं माहेरचं आडनाव, हे मला फार आवडलं. तेव्हा प्रतिस्पर्धी कंपनी डीसीने १९९२ मध्ये सुपरमॅनला मारून आणि पुढच्याच वर्षी बॅटमॅनची पाठ मोडून बक्कळ धंदा केला होता, मग मार्व्हललाही काहीतरी मोठं पाहिजे होतं, हे साधं कारण.

आता लोक भडकले का ते नीट समजून घ्या, कारण अजूनही सगळे म्हणतात ‘क्लोन होते म्हणून’. अरे क्लोन १९७५ मध्ये पण होते, तेव्हा कोणी एवढं बोंबललं नाही. भडका उडाला तो १९९५ मध्ये, ‘स्पेक्टॅक्युलर स्पायडरमॅन’च्या २२६ नंबरच्या अंकात, जिथे टेस्ट करून सांगतात की बेन खरा पीटर आणि आपण इतकी वर्षं ज्याला वाचतोय तो क्लोन. म्हणजे हिशोब करा ना, काळा कॉश्च्युम, व्हेनम, १९८७ चं मेरी जेनशी लग्न, हे सगळं डुप्लिकेट माणसाच्या आयुष्यात घडलं आणि तुम्ही वीस वर्षं खिशातले पैसे घालून त्याच्यासाठी जीव टाकलात. वर त्याच अंकात पीटर संतापाच्या भरात गरोदर मेरी जेनला मारतो. हे लिहिणाऱ्याने लिहिलं, एडिटरने पास केलं, छापून आलं, कोणालाच वाटलं नाही की थांबा जरा? एडिटर लोकांना लग्न झालेला पीटर म्हातारा वाटत होता, एकटा पोरगा परत पाहिजे होता, डिव्होर्स दाखवायचा नव्हता म्हणून ही पळवाट काढली. वाचकाला ते बरोबर कळलं. मला विचाराल तर त्या वाचकांचा राग शंभर टक्के बरोबर होता.

पण गंमत अशी की तेच वाचक अंक घेतही होते. खप चांगला, म्हणून ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या ४०० व्या अंकाच्या आसपास संपवायची स्टोरी १९९६ च्या डिसेंबरपर्यंत खेचली, आपल्याकडे टीआरपी आला की मालिकेत पाणी घालतात अगदी तसं. महिन्याला चार टायटल्स, स्टोरी यातून त्यात उड्या मारते, एक अंक चुकला की तुम्ही गेलात. ‘मॅक्सिमम क्लोनेज’ मध्ये तर क्लोनची फौजच येते, तो भाग मी झोपेत वाचला असता तरी काही फरक पडला नसता. जुडास ट्रॅव्हलर नावाचा एक लांब केसांचा महागूढ माणूस आहे, तो कोण, त्याला काय पाहिजे, शेवटपर्यंत धड लागत नाही, लिहिणाऱ्यांनाही लागलं असेल असं वाटत नाही.

आणि मग मध्येच ‘अमेझिंग’चा ४०० वा अंक येतो. डीमॅटिसचं लिखाण, मार्क बॅगलीची चित्रं, आंट मेचा मृत्यू. एम्पायर स्टेट बिल्डिंगवर ती पीटरला सांगते की तू स्पायडरमॅन आहेस हे मला केव्हाच माहीत होतं. या पानांसाठी मी पुढचा सगळा कचरा माफ करायला तयार होतो, आणि १९९८ मध्ये यांनी काय सांगावं, तर मेलेली बाई मे नव्हतीच, मेकओव्हर केलेली एक नटी होती! याला काय म्हणायचं. क्लोनपेक्षा मला याचाच राग जास्त आलाय खरंतर.

दुसरी चांगली गोष्ट ‘द लॉस्ट इयर्स’. डीमॅटिसचं लिखाण, रोमिटा ज्युनिअरची चित्रं, बेनच्या भटकंतीची छोटी मिनिसिरीज, डिटेक्टिव्ह पिक्चरसारखी अंधारी. ही वाचल्यावर बेन आवडायला लागतो. तेव्हाच्या वाचकांचंही हेच झालं असणार. सुरुवातीला ‘हा कोण उपरा’ म्हणून शिव्या खाल्लेला पोरगा, निळी बिनबाह्यांची हुडी घालून फिरणारा, केस ब्लाँड करून कॉफी शॉपमध्ये नोकरी करणारा, हळूहळू लोकांना आपला वाटायला लागला. आणि नेमकं तेव्हाच मार्व्हलने आधीच्या शिव्या ऐकून निर्णय फिरवला. ‘स्पायडरमॅन’ ७५ मध्ये १९७३ साली मेलेला नॉर्मन ऑस्बॉर्न, म्हणजे ग्रीन गॉब्लिन हा जुना व्हिलन, जिवंत होऊन येतो, म्हणतो सगळं मीच घडवलं, आपलं उडतं ग्लायडर पीटरवर सोडतो, बेन मध्ये पडतो, मरतो, त्याची राख होते, म्हणजे क्लोन तोच. पीटर परत पाहिजे म्हणणारे खूश, बेनला जीव लावलेले रडले. पीटर-मेरी जेनच्या बाळाचं काय झालं ते तर असं गुंडाळलंय की मी पानं मागे जाऊन पाहिली, काही सुटलं की काय म्हणून. नंतर मार्व्हलने ‘१०१ वेज टू एंड द क्लोन सागा’ नावाचा अंक काढून स्वतःचीच खिल्ली उडवली. विनोदी आहे, पण पैसे भरून वाचलेल्याला तो विनोद किती पचला असेल देव जाणे. (बेनला अजून चिडवतातच, २०२३ च्या अॅनिमेशन पिक्चरमध्ये अँडी सॅम्बर्गने त्याचा रडका आवाज काढलाय, थिएटरमध्ये सगळ्यात जोरात मीच हसलो.)

तर घेणार असाल तर क्लोन सागाचं पहिलं पुस्तक घ्या, ४०० वा अंक आणि ‘लॉस्ट इयर्स’ सुटे वाचा, आणि थेट बेन रायलीच्या सहाव्या पुस्तकावर उडी मारा. मधलं सगळं कोणी फुकट दिलं तर. पाचपैकी अडीच, त्यातले दोन एकट्या डीमॅटिसचे.