पुरावा म्हणून उघडून दाखवलेली फाइल

दिवाळी अंकांसाठी चित्रं काढणाऱ्यांचे ऑगस्ट-सप्टेंबर कसे जातात ते वेगळं सांगायला नको. नेमक्या त्याच दिवसांत माझ्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या चित्रांना व्हायरसने कुलूप घातलं. पण ‘डेटा परत आणून देतो’ म्हणत नंतर जो आला, त्याची युक्ती इतरांना कळावी म्हणून हे लिहिते आहे.

कॉम्प्युटर असेंबल करून देताना दुकानदाराने चित्रांच्या सॉफ्टवेअरचे ‘ओरिजिनल लायसन्स’ म्हणून वेगळे पैसे घेतले होते. बिलावर मात्र नुसतं ‘सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन’. पुढे ते सॉफ्टवेअर सारखं बंद पडायला लागलं, तेव्हा दुकानातला पोरगा घरी आला. “मॅडम, नवीन व्हर्जन टाकतो,” म्हणत त्याने आधी विंडोजचा डिफेंडर, म्हणजे व्हायरस अडवणारा प्रोग्राम, बंद केला, पेनड्राइव्हवरून काहीतरी चालवलं आणि चहा घेऊन गेला. ते क्रॅक होतं, म्हणजे लायसन्स न घेताच सॉफ्टवेअर चालावं म्हणून केलेली चोरवाट. थोड्या वेळाने विंडोज अपडेटची खिडकी उघडली, टक्के वाढत राहिले. अपडेट कसलं, त्या खिडकीआड एकेका फाइलला कुलूप लागत होतं! बॅकअपची हार्ड डिस्क जोडलेलीच होती, तीही त्यात गेली.

हा ‘स्टॉप’ उर्फ ‘डीजेव्हीयू’ घराण्यातला रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस. तो बहुतकरून क्रॅक आणि ॲक्टिवेटरमधूनच पसरतो. फोल्डराफोल्डरात ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी होती, तिच्यात माझ्या नावे दिलेला एक आयडी आणि मागणी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर ४९०. मदतीची संकेतस्थळंही त्या कॉम्प्युटरवर उघडेनात, कारण हा व्हायरस त्यांचे रस्तेही अडवतो. शेवटी फोनवर शोधाशोध केली.

दुकानदाराने “आपल्या ओळखीचा एक्स्पर्ट आहे” म्हणून नंबर दिला. एक्स्पर्ट फार गोड बोलला. म्हणाला, “चिठ्ठीतला आयडी पाठवा आणि एखादी छोटी, फार महत्त्वाची नसलेली फाइल पाठवा.” दुसऱ्या दिवशी तीच फाइल उघडलेल्या अवस्थेत परत आली! गणपतीचं एक जुनं रेखाटन होतं ते, अगदी जसंच्या तसं. कोणाचाही विश्वास बसेल. बाकीच्यासाठी त्याने १८ हजार ॲडव्हान्स मागितला आणि मी तो यूपीआयने दिला. मग “सर्व्हरवर लोड आहे”, मग “आणखी १२ हजार लागतील”, आणि ते नाकारल्यावर फोन बंद.

आता ती चिठ्ठी शेवटपर्यंत वाचा. गुन्हेगारांनी तिथेच लिहिलेलं असतं की एक फाइल आम्ही फुकट उघडून देऊ, मात्र तिच्यात मौल्यवान काही नसावं. एक्स्पर्टची अटही शब्दशः तीच होती. चोरांकडून फुकट मिळालेला नमुना त्याने स्वतःची कला म्हणून मला विकला, असाच याचा अर्थ मी लावते. त्यामुळे एक फाइल उघडून दाखवली, हा कसलाच पुरावा नाही.

या घराण्यासाठी एम्सिसॉफ्ट या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये काढलेलं, कुलूप उघडणारं मोफत साधन आहे. पण ऑगस्ट २०१९ नंतरच्या प्रकारांत, कुलूप ऑफलाइन किल्लीने (व्हायरसचा त्याच्या सर्व्हरशी संपर्क झाला नाही तर वापरली जाणारी, अनेकांना सारखीच किल्ली) लागलेलं असेल आणि ती किल्ली त्यांना मिळालेली असेल, तरच ते चालतं. ऑफलाइन आयडीच्या शेवटी ‘टी१’ असतं. माझ्या आयडीत ते नव्हतं. म्हणजे माझ्या फायली तो एक्स्पर्टच काय, दुसरा कोणीही सहजी उघडू शकला नसता, आणि हे तपासायला एक रुपयाही लागत नाही.

थोडं काही बचावलं ते वेगळ्याच कारणाने. हा व्हायरस प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबी भागच बिघडवतो. लहान जेपीजी त्यात पूर्ण संपतात. मोठ्या पीएसडीत (फोटोशॉपच्या फायलीत) मात्र चित्राचे सगळे लेअर, म्हणजे थर, मिळून होणारं सपाट चित्र फाइलच्या शेवटी असतं. एका जाणकार मित्राने खटपट करून त्यातली काही बाहेर काढली. लेअर गेले ते गेलेच. उरलेली चित्रं संपादकांना पाठवलेल्या मेलमध्ये सापडली, छपाईच्या मापाची नसली तरी. दोन मुखपृष्ठं पुन्हा काढावी लागली.

या व्हायरसबरोबर अनेकदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येतो, म्हणून बँक, मेल, इन्स्टाग्राम सगळ्यांचे पासवर्ड मी दुसऱ्या फोनवरून बदलले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोवर एक्स्पर्टच्या खात्यातले पैसे पुढे गेलेले होते. पैसे गेल्या गेल्या, म्हणजे अगदी त्याच तासात, हा नंबर लावा. दुकानदाराकडे लायसन्सचा क्रमांक लेखी मागितला आहे. तो म्हणतो, “मॅडम, सगळेच असंच टाकतात.” ते बिल, यूपीआयची पावती आणि चिठ्ठीची प्रत जोडून ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालू आहे.