खाली बेकरी, वर रायफल: रत्नागिरीतल्या शूटिंग रेंजबद्दल

आधी एक खुलासा. रेंजचं नाव मी लिहिणार नाही. मालकांना, म्हणजे सरांनाच विचारलं होतं. ते म्हणाले, "नको हो, शनिवारी आत्ताच लेन मिळत नाही, त्यात तुम्ही आणखी माणसं पाठवू नका." तेव्हा एवढंच सांगतो की मारुती मंदिराच्या आसपास खाली बेकरी आणि बाजूच्या जिन्यावर पत्र्याचं छप्पर अशी इमारत शोधायची. नानकटाईचा वास आला की जिना चढायचा.

दीड वर्ष झालं, आठवड्यातून दोनदा जातो. म्हणजे लेकीला घेऊन जातो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं आणि आमच्या घरात ते वेड शिरलं. राधानगरी तालुक्यातला मुलगा. फोंडा घाट चढलं की त्याचा तालुका लागतो, म्हणजे आपल्या उशालाच की. तोवर लेकीच्या लेखी बंदूक म्हणजे आमच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली ती लांब वस्तू, जिला हात लावला तर आजी ओरडते.

ती वस्तू म्हणजे वडिलांची ठासणीची बंदूक, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. वडील गेले तेव्हा ती पोलीस ठाण्यात जमा केली. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर व्हायला चौदा महिने लागले. कलेक्टर कचेरीत इतक्या खेपा घातल्या की तिथल्या चहावाल्याने उधारी चालू केली. नावावर होऊन बावीस वर्षं झाली. त्यात मी मोजून चार बार काढले, तेही हवेत, डुकरं काजूत घुसली म्हणून. माकडं तर आवाजाला आता भीकही घालत नाहीत. बार झाला की पलीकडच्या कलमावर जाऊन बसतात आणि दारूचा धूर विरायच्या आत परत येतात. निशाणा धरून कशाला मारलंय असं आयुष्यात एकदाही नाही. त्यामुळे 'मी बंदूकवाला आहे' असल्या रुबाबात पहिल्या दिवशी रेंजवर गेलो आणि अर्ध्या तासात तो रुबाब उतरला.

पहिल्या दिवशी सर एकही पेलेट, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलीची बारकी गोळी, देत नाहीत. हे आधीच सांगतो, म्हणजे पैसे भरून चिडचिड होणार नाही. आधी पंचवीस मिनिटं व्याख्यान, मग रिकाम्या रायफलवर सराव. व्याख्यान जरा लांबतं आणि दर नव्या माणसामागे तेच आणि तसंच, तेव्हा मी आता त्या वेळात खाली जाऊन खारी आणतो. पण त्यातल्या गोष्टी पक्क्या बसतात. रायफल कुठेही असो, तोंड टार्गेटकडेच. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. हातातली रायफल खाली ठेवली की नळीत केशरी प्लॅस्टिकची दोरी आरपार घालायची, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. 'स्टॉप' ऐकू आलं की जिथे असाल तिथे थांबायचं, शेवटचा एक मारून घेतो वगैरे नाही. एकदा एका बँकवाल्यांनी तो शेवटचा एक मारून घेतला. सरांनी आवाज न चढवता त्यांच्या हातातली रायफल घेतली, दोरी घातली आणि उरलेले पैसे परत केले. ते आजही येतात, पण 'स्टॉप' म्हटलं की पुतळ्यासारखे उभे राहतात.

आणि हात धुणं. पेलेट शिशाचे असतात, तेव्हा वडापावला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे. बेसिनशी सर स्वतः उभे असतात.

जागा लांबट हॉलची, सहा लेन. दहा मीटरवर कागदी टार्गेट, दोरी-कप्पीने पुढेमागे सरकवायचं. आता हे टार्गेट म्हणजे काय ते न पाहिलेल्यांसाठी सांगतो. मधला काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा, म्हणजे एका रातांब्याएवढा. त्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका, तो अर्ध्या मिलिमीटरचा. खसखशीच्या दाण्यापेक्षा बारीक. दहा मीटरवरून तो दिसतच नाही. काळा गोल साईटच्या, म्हणजे रायफलीवरून नेम धरायच्या, कड्यात सगळीकडून सारखा बसवायचा आणि ठिपका तिथे आहे असं मानायचं. चष्मेवाल्यांनी घाबरू नये, माझा नंबर अडीच आहे.

लेक नेम धरते तेव्हा मी मागच्या बाकावर बसून बघतो. पाय रोवते, डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकवते, गाल लाकडावर. दोन श्वास सोडते, तिसरा अर्धाच सोडून धरते. ट्रिगरला दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा बोटाने दाबला की मध्ये एक अडसर लागतो, तिथे थांबायचं. तिथे ती थांबते. चार सेकंद, पाच. कधी कधी रायफल खाली घेते, दोरीकडे न बघता मान हलवते, पुन्हा पहिल्यापासून. मुलगी घरात एक भाकरी थापताना तीनदा फोन बघते हो. इथे सव्वा तासात साठ शॉट आणि तोंडातून शब्द नाही. बीजिंगला २००८ मध्ये अभिनव बिंद्राने शेवटचा शॉट १०.८ मारून सुवर्ण घेतलं. एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ मिळतात. हा हिशेब मला तिने समजावला, आणि तो समजल्यावर त्या शॉटचा व्हिडिओ पाहताना माझेच तळहात ओले झाले.

आता दर. चाळीस पेलेट, रायफल आणि जॅकेट मिळून ३५० रुपये. महिन्याचे २,५०० भरले तर आठ दिवस येता येतं. मुंबई-पुण्याच्या मानाने ठीक. जॅकेटबद्दल मात्र बोलायलाच हवं. जाड कॅनव्हासची तीनच जॅकेटं आहेत आणि मे महिन्यात ती कोणी कोणी घातली असतील याचा पत्ता नाकाला लागतो. आम्ही शेवटी स्वतःचं घेतलं. भाड्याच्या सहा रायफलींपैकी दोन चांगल्या, दाबलेल्या हवेच्या, जर्मन. बाकीच्या देशी, नळी दुमडून हवा भरायच्या, आणि चार नंबरच्या लेनवरचीचा ट्रिगर एवढा जड आहे की बोटाऐवजी खांदाच हलतो. ती आली तर बदलून मागा, मी तीनदा सांगूनही ती तिथेच आहे.

पावसाळ्यातली तक्रार वेगळी. जूनपासून हॉलला ओल येते, कागदी टार्गेटं पापडासारखी मऊ पडतात आणि छिद्राची कड फाटून गुण मोजताना भांडणं होतात. पेलेटचा डबा उघडा राहिला तर आठवड्यात पांढरा थर चढतो. खारा वारा आहे, लोखंडाला गंज धरणारच. सर दर रात्री नळ्यांना तेलाचं बोट फिरवतात हे मी पाहिलंय. लाईट गेली की इन्व्हर्टरवर फक्त टार्गेटवरचे दिवे चालतात, पंखे नाहीत. पार्किंग नाही. स्कूटर बेकरीसमोर लावा आणि काहीतरी विकत घ्या.

डिसेंबरात चुलतबहिणीचा मुलगा आला, ह्यूस्टनहून. त्याला मोठ्या हौसेने नेलं. रायफल हातात घेतली आणि म्हणाला, "मामा, हे खेळणं झालं. मी तिकडे एआर चालवलीय." एआर म्हणजे तिकडची खऱ्या गोळीची, लष्करी धाटणीची रायफल. सरांनी शांतपणे त्यालाही पंचवीस मिनिटं बसवलं. मग चाळीस शॉट दिले. चारशेपैकी त्याचे २६८ झाले, लेकीचे ३८१. त्यानंतर खेळणं हा शब्द निघाला नाही.

पण त्याच्याकडून जे कळलं ते मला त्या दुपारच्या फीपेक्षा महागाचं वाटलं. तो व्हिसावर आहे, ग्रीन कार्ड नाही. तिकडच्या कायद्याने असल्या माणसाला बंदूक हातात धरता येत नाही, पण शिकारीचा परवाना असला तर येते. म्हणून या पोराने टेक्सासचा शिकारीचा परवाना काढलाय! कोंबडी कापताना डोळे मिटणारा मुलगा. खिशात शिकारीचं लायसन, कशासाठी तर रविवारी मित्रांबरोबर रेंजवर जायला. आणि इथे मी. माझ्याकडे बंदूक आहे, बागेत डुक्कर आहे, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी. डुकराने शेत उकरलं तरी आधी वनखात्याकडे अर्ज. त्याच्याकडे शिकार सोडून सगळं आणि माझ्याकडे परवानगी सोडून सगळं. आम्ही दोघं खारीचा तुकडा हातात धरून हसत बसलो.

त्याला आपलं ऐकून नवल वाटलं. इथे परवान्याला एकवीस वर्षं पूर्ण लागतात, आधी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या त्या २०१९ च्या दुरुस्तीने दोनवर आणल्या, आणि लग्नात हवेत गोळीबार केला तर आता तोही गुन्हा. टेक्सासमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला पिस्तूल कमरेला लावून फिरायला परवानाच लागत नाही. त्यांच्या घटनेतली ती दुसरी दुरुस्ती १७९१ ची, त्यामुळे त्यांच्यासाठी हा हक्काचा मामला. आपल्याकडे कायद्याची मुळं इंग्रजांच्या १८७८ च्या हत्यारबंदीत आहेत. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, पण सरकारकडे हात जोडून मागायची वस्तू ती तशीच राहिली. २०१७ सालच्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजात अमेरिकेत शंभर माणसांमागे एकशेवीस बंदुका निघाल्या होत्या, आपल्याकडे पाचच्या आसपास. मी विचारलं, "तिकडच्या रेंजवर व्याख्यान देत नाहीत?" तर म्हणाला, "देतात ना. ओळखपत्र, सही, कानाला मफ, तोंड समोर, बोट बाहेर. सर सांगतात तेच सगळं. रेंजच्या आत सगळीकडे सारखंच असतं मामा. फरक दाराबाहेर पडल्यावर सुरू होतो." आणि मग जरा थांबून म्हणाला की सुपरमार्केटात कोणाच्या शर्टाखाली काहीतरी टोचल्यासारखं दिसलं की तो दूध न घेता परत येतो.

तेव्हा पाच नंबरच्या लेनवर चीफसाहेब होते. बोटीवरून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, निम्मं जग बंदरांतून पाहिलेले. त्यांनी भर घातली. स्कॉटलंडमध्ये डनब्लेनच्या शाळेत १९९६ साली सोळा मुलं आणि त्यांची बाई गोळीबारात गेली, तेव्हा ब्रिटनने पुढच्याच वर्षी पिस्तुलं घरात ठेवणं बंद केलं. इतकं की त्यांच्या ऑलिंपिकच्या पिस्तूलवाल्यांना सरावाला परदेशात जावं लागायचं. जपानमध्ये तर आपल्या हातातली ही एअर रायफलसुद्धा परवान्याशिवाय नाही; वर्ग, लेखी परीक्षा, आणि पोलीस घरी येऊन कुलपाचं कपाट पाहून जातात. आपल्याकडे .१७७ इंच नळीची, वीस ज्यूलच्या आतल्या ताकदीची असेल तर परवाना नको. उलट स्वित्झर्लंडात झुरिकला दर सप्टेंबरात तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांची स्पर्धा होते, लष्कराच्या रायफलवर! मुली १९९१ पासून. हे चीफसाहेबांनी लेकीसमोर सांगायला नको होतं. तेव्हापासून झुरिकचं तिकीट किती हे रोज विचारते. सध्या तिच्या स्वतःच्या रायफलीचाच प्रश्न सुटलेला नाही, परदेशी रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. आणि स्पर्धांना वरळी नाहीतर बालेवाडी, म्हणजे रात्रीची कोकणकन्या ठरलेली. इथे इलेक्ट्रॉनिक टार्गेट नसल्याने तिथे गेलं की पहिले दहा शॉट बावरण्यातच जातात. सरांनी निदान एका लेनवर ते बसवावं.

आमच्या बंदुकीचं म्हणाल तर तिची ये-जा चालू असते, निवडणूक लागली की ठाण्यात जमा. लोकसभेला २०२४ मध्ये १६ मार्चला आचारसंहिता लागली, ७ मे ला इथे मतदान, आणि बंदूक घरी आली जूनमध्ये. बघा, हापूसचा अख्खा हंगाम. माकडं बागेत, बंदूक पोलीस ठाण्यात, आणि राखणीला दोन गुरखे बेचक्या घेऊन. आता परत निवडणूक लागली आणि ठाण्यातून फोन आला. गोणपाट सोडलं, परवाना प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. लेक पडवीत अभ्यास करत होती. तिथूनच म्हणाली, "बाबा, नळीत दोरी?"

घरात केशरी दोरी कुठली. आईच्या परकराची जुनी नाडी मिळाली. ठासणीच्या नळीत ती आरपार जात नाही, मागचं तोंड बंदच असतं, म्हणून गजाने आत सरकवली आणि हातभर बाहेर लोंबत ठेवली. ठाण्यात हवालदारांनी पावती फाडली, नंबर जुळवून पाहिला, मग ती नाडी दोन बोटांत धरून माझ्याकडे बघत राहिले.

रेंज बुधवारी बंद असते.