रेप्लिका स्पोर्ट्‌स कारचा सेल्फ: जुनाच भरून घ्यावा की नवा बसवावा?

रत्नागिरीतल्या मित्राच्या रेप्लिका गाडीला (जुन्या स्पोर्ट्‌स कारसारखी बनवलेली) फोक्सवॅगन बीटलचं इंजिन आहे. क्लच घसरतोय, सेल्फही (इंजिन सुरू करणारी मोटर) दमलाय. क्लचसाठी इंजिन उतरणारच, मग सेल्फचं काय करावं, हा त्याचा प्रश्न.

खर्चात जुना सेल्फ भरून घेणं स्वस्त: कार्बन ब्रश, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी), फार तर आर्मेचर (मोटरमधला फिरणारा भाग). पण बीटलमध्ये सेल्फच्या शाफ्टचं टोक गिअरबॉक्सच्या घरातल्या पितळी बुशमध्ये फिरतं. तो झिजला की भरलेला सेल्फही अडकतो. इंजिन उतरवलेलं असताना हा बुश बदलायला हात नीट पोहोचतो, म्हणून हे काम आत्ताच करा.

नवा गिअर रिडक्शन सेल्फ (छोटी मोटर, आत गिअर लावून जोर वाढवलेला) महाग, पण हलका, करंट कमी ओढतो आणि त्याला बहुधा तो बुश लागत नाही. घेण्याआधी फ्लायव्हीलचे दात जुळवून बघा. खाऱ्या हवेत मात्र दोघांचीही टर्मिनलं हिरवी पडतात. अर्थिंगची पट्टी घासून ग्रीस लावा.

क्लचमध्ये काटकसर नको. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकदमच बदला.

गाडी रविवारपुरती निघत असेल तर जुना भरून घ्या. आंबा घाटातून कोल्हापूरला नेहमी जाणार असाल, तर नवाच.