अर्धवट राहिलेलं बीए: नाशिक की इग्नू?

नोकरी सांभाळून सुटलेलं बीए पुरं करायचं म्हटलं की महाराष्ट्रात बोलणं दोन नावांवर येऊन थांबतं: नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (1989) आणि दिल्लीचं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (1985). ‘मुक्तची पदवी चालते का’ या वादात शिरू नका; दोन्ही चालतात.

बदलीची नोकरी असेल तर इग्नू सोयीचं. प्रवेश जानेवारी आणि जुलैत, सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरात. परीक्षेचा अर्ज भरताना केंद्र दर वेळी नव्यानं निवडता येतं. प्रवेश नागपूरचा असला तरी पेपर पणजीत देता येतो. नाशिकचं कार्यक्षेत्र महाराष्ट्रापुरतं.

इग्नूत गाडी अडते ती बहुधा स्वाध्यायांवर, म्हणजे घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटवर. प्रत्येक विषयाचा वेगळा, हातानं लिहिलेला. वजन 30 टक्के, परीक्षेचं 70, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं. पेपर उत्तम गेला पण स्वाध्याय दिला नाही, तर गुणपत्रिकेवर तो विषय अपूर्णच दिसतो. मुदत हुकली की पुढे नवे प्रश्न. जुनी लिहिलेली पानं रद्दीत. शिवाय पुढच्या वर्षाची पुनर्नोंदणी वेगळी आणि परीक्षेचा अर्ज वेगळा. पहिली केली म्हणजे दुसरा भरला गेला, असं समजणारे दर सत्रात सापडतात.

माझा कौल मात्र भाषेवर ठरला. इग्नूच्या बीएचं साहित्य मुख्यतः इंग्रजी-हिंदीत. वाचायला अडत नाही, अडतं लिहायला. दहा वर्षं पेन फक्त सहीपुरतं उघडलेल्या माणसाला राज्यशास्त्राचं उत्तर मनात मराठीत जुळवून मग इंग्रजीत उतरवायचं, तर तीन तासांत शेवटचा प्रश्न हमखास राहतो. नाशिकची बीएची पुस्तकं मराठीत, उत्तरंही मराठीत, म्हणून नाशिक. इंग्रजीचा हात बसलेल्यांना हा मुद्दा किरकोळ वाटेल, आणि ते चूकही नाही.

कुठेही गेलात तरी आधी एबीसी आयडी (तुमची क्रेडिट्स जमा होणाऱ्या सरकारी खात्याचा क्रमांक) आणि त्यावरून डेब आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) काढावा लागतो. घोळ होतो नावाचा: दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखी तिसरंच. ते प्रवेश सुरू व्हायच्या आधी जुळवून घ्या. जुन्या कॉलेजातल्या विषयांची सूट मिळेल असं धरून थेट दुसऱ्या वर्षाची फी भरू नका. कोणते विषय माफ, हे लेखी हातात येऊ द्या.